जुन्या सामानातून बाणांचा भाता: तोंड, तळ आणि टांगणी

घरी केलेला भाता बहुतेक वेळा तीनच ठिकाणी दगा देतो. तोंडाशी बाण अडकतो, टोकांनी तळ फाटतो, नाहीतर चालताना भाता असा हेलकावे खातो की दर दहा पावलांना हाताने सावरावा लागतो. मधलं अंग कशाचं आहे याने फारसा फरक पडत नाही. जीन्सचा पाय, शटलकॉकची नळी, बंद फाटलेली सॅक, उंच बुटाचं कातडं, यातलं काहीही चालतं. आणि तरी आपला सगळा उत्साह जातो तो अंगावरच: कातडं कुठलं, रंग कुठला, वर नक्षी काय काढायची. या लेखात तोंड, तळ आणि टांगणी यांच्यावर जास्त वेळ घालवला आहे. नक्षीचं तुमचं तुम्ही बघा.

हा प्रश्न जुनाच आहे. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या ओत्झी नावाच्या माणसाजवळ कातड्याचा भाता होता. कातडं मऊ, म्हणून तो वाकू नये यासाठी बाजूला हेझेलच्या लाकडाची काठी लावलेली होती. आत १४ बाण होते, त्यातले पूर्ण झालेले दोनच. इंग्लंडचं ‘मेरी रोझ’ हे १५४५ साली बुडालेलं जहाज १९८२ मध्ये वर काढलं, त्यात २४ भोकं पाडलेल्या कातड्याच्या चकत्या मिळाल्या. प्रत्येक भोकात एक बाण, म्हणजे पिसं एकमेकांवर घासत नाहीत. मऊ अंगाला एक कणा आणि बाणांना एकमेकांपासून अंतर, या दोन्ही युक्त्या आपल्यालाही लागणार आहेत.

आधी बाण मोजा

कात्री हातात घ्यायच्या आधी आपले बाण घ्या. नॉकच्या (दोरीत बसणाऱ्या मागच्या टोकाच्या) खाचेपासून पॉइंटच्या (पुढच्या अणीच्या) टोकापर्यंतची लांबी लिहून ठेवा. मोठ्या माणसांचे बाण साधारण २६ ते ३२ इंच, म्हणजे ६६ ते ८१ सेंमी असतात. मग नॉकच्या टोकापासून पिसं जिथे संपतात तिथपर्यंतचं अंतर मोजा. छोटी प्लॅस्टिकची पिसं असतील तर ते दहा-अकरा सेंमी भरेल, लांब नैसर्गिक पिसं असतील तर पंधरापर्यंत जाईल. हा भाग भात्याच्या बाहेरच राहिला पाहिजे. शिवाय पिसांच्या खाली दांडी धरायला चार बोटं जागा लागते. पिसांना धरून बाण ओढायची सवय लागली की पिसं सुटायला वेळ लागत नाही.

बाणाच्या लांबीतून एवढं वजा केलं की भात्याची जास्तीत जास्त खोली मिळते. कमरेच्या भात्याला तेवढी सगळी वापरायची गरज नसते. ३० इंची बाणाला ४० सेंमी खोली पुरते, बाण पटकन निघतो. झाडीतून चालायचं असेल तर ५० सेंमीपर्यंत जा, कारण बाहेर जितकी दांडी जास्त तितक्या फांद्या जास्त अडकतात. पाठीवरच्या भात्याचं गणित वेगळं आहे, त्याकडे नंतर येऊ.

बाणाची जाडीही बघून ठेवा. मैदानी सरावाचे कार्बन बाण बहुधा पाच-सहा मिमी जाडीचे असतात, लाकडी बाण आठच्या आसपास. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमांत दांडीचा व्यास कमाल ९.३ मिमी चालतो आणि इनडोअरवाले पुष्कळदा त्या मर्यादेला टेकलेले जाड बाण वापरतात. अशा बाणांना नळीत नेहमीपेक्षा ऐसपैस जागा लागते.

काय उचलावं, काय टाकावं

फेकायला काढलेल्या सामानात सगळ्यात कामाच्या गोष्टी म्हणजे जाड सुती कापड, रुंद पट्टे, बकला, डी-रिंगा आणि नळ्या. जीन्सचा पाय शिवलेली पिशवीच असतो, फक्त तळ घालायचा बाकी असतो. जुन्या सॅकचे खांद्याचे पट्टे आणि त्यांची बकलं उसवून ठेवा, ती नवीन आणायची तर तेवढीच मजबूत मिळतीलच असं नाही. गाडीच्या सीटबेल्टची पट्टी जवळपास पाच सेंमी रुंद आणि भलतीच चिवट असते. ती कापली की कडा दोरे सोडते, तेव्हा कापलेली कड लायटरच्या ज्योतीवर हलकेच वितळवून घ्या. सायकलची जुनी ट्यूब जपून ठेवा, या कामात ती चार ठिकाणी लागते. रबरी स्लिपरचा तळवाही टाकू नका.

टाकायच्या वस्तूही आहेत. रेक्झिनची पर्स वरून कितीही धडधाकट दिसली तरी अंगठ्याने चोळून बघा. पापुद्रे निघत असतील तर ती आतून मेलेली आहे, तिला टाके धरणार नाहीत. उन्हात वर्षानुवर्षं पडलेला प्लॅस्टिकचा डबा दाबल्यावर करकरला की तो तडकणार हे नक्की. पत्र्याचे डबे मी तरी वापरत नाही. कड कितीही घासली तरी कार्बन दांडीवर चरे पडतात, आणि बाण हलले की सगळ्या मैदानाला कळतं. कीटकनाशकांचे, ॲसिडचे किंवा तेलाचे डबे तर घरातच ठेवू नयेत.

हत्यारं मोजकीच लागतात: कात्री, कटर, मोजपट्टी, टेलरचा खडू, दाभण, जाड सुया, मेण लावलेला जाड दोरा, रबर चिकटवायचा गोंद आणि सँडपेपर. कातडं वापरणार असाल तर आरीही हवी. शिवणयंत्र असेल तर उत्तम, पण घरगुती यंत्राला डेनिमचे चार थर आणि कातडं एकदम देऊ नका. सुई मोडते आणि तुकडा डोळ्याकडे उडतो. ते टाके हातानेच घाला.

कमरेचा भाता: दोन नळ्या आणि जीन्सचा एक पाय

पहिल्यांदाच भाता करणाऱ्याने हाच करावा, कारण यात मोजमापं आपोआप जुळून येतात. पिसांच्या शटलकॉकची बारा नगांची नळी ३८ ते ४० सेंमी लांब असते आणि तिचा व्यास सात सेंमीच्या आसपास. म्हणजे कमरेच्या भात्याला हवी तेवढीच खोली. अशा दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या की त्यांच्याभोवतीचा घेर व्यासाच्या ५.१४ पट होतो, म्हणजे साधारण ३६ सेंमी. पाय सपाट पसरून मोजला तर हा घेर १८ सेंमी रुंदीचा झाला, आणि सरळ कटच्या जीन्सची खालची मोरी पुष्कळदा नेमकी तेवढी किंवा थोडी जास्त असते. अर्धा-एक सेंमी सैल असलेली बरी. तीन नळ्या एका रांगेत हव्या असतील तर घेर ७.१४ पट धरा. ५० सेंमी होतो, त्याला मांडीकडचा भाग लागेल. पण तीन नळ्यांचा भाता मांडीला रुंद पडतो, एकट्याच्या सरावाला दोन पुरतात. मैदानी स्पर्धेच्या पात्रता फेरीत एका वेळी सहा बाण मारायचे असतात. एका नळीत ते सहा, दुसऱ्या नळीत जादाचे, अशी सोय झाली.

नळ्यांपासून सुरुवात करा. त्या पुठ्ठ्याच्या असतात, ओल लागली की मऊ पडतात. बाहेरून रुंद चिकटपट्टी एकावर एक थोडी चढवत तिरकी गुंडाळा किंवा वॉर्निशचे दोन हात द्या. एका टोकाचं झाकण तळ म्हणून ठेवायचं. ते गोंदाने पक्कं करा आणि मधोमध तीन-चार मिमीचं भोक पाडा. मैदानातली रेती, टार्गेटमधला भुसा आणि पावसाचं पाणी या भोकातून निघून जातं. भोक नसेल तर स्टीलचे पॉइंट तळाशी ओलीत उभे राहतात आणि गंजतात.

आता तळ, आणि इथे घाई नको. झाकण एकटं टिकणार नाही. बाण वरून सोडला की त्याचं सगळं वजन पॉइंटच्या टोकावर येतं, आणि हे दिवसातून शंभर वेळा होतं. आत तीन थर घाला. सगळ्यात खाली जाड प्लॅस्टिकची चकती. एखाद्या मोठ्या डब्याच्या झाकणातून ती नळीच्या आतल्या व्यासाएवढी कापायची आणि मध्ये तसंच भोक पाडायचं. तिच्यावर स्लिपरच्या तळव्याची रबरी चकती. ती दोन मिमी मोठी कापली की दाबून बसते, गोंद लागत नाही. पण ती भोक झाकणार, म्हणून तिच्या कडेला दोन-तीन ठिकाणी छोट्या खाचा करा, म्हणजे पाण्याला वाट राहते. सगळ्यात वर जुन्या गालिच्याचा किंवा जाड नमद्याचा गोल तुकडा. रबर टोक अडवतं, गालिचा आवाज खातो.

वरचे दोन थर चिकटवू नका. काही महिन्यांनी रबराची चाळण होते आणि ते बदलावं लागतं. चाळीस सेंमी खोल नळीच्या बुडातून चकती उपसणं जिकिरीचं आहे. म्हणून चकती घालतानाच तिच्या खालून एक जाड दोरा आडवा घ्या आणि त्याची दोन्ही टोकं नळीच्या भिंतीला लागून वर आणून तोंडापाशी चिकटपट्टीने लावून ठेवा. बदलायची वेळ आली की दोन्ही टोकं धरून ओढायचं, चकती सरळ वर येते.

एक सावधगिरी मात्र घ्या. काही जण तळाला दाट फोमचा ठोकळा बसवतात आणि बाण त्यात खुपसून ठेवतात. बाण हलत नाहीत हे खरं, पण फोम पॉइंटला घट्ट धरतो. स्क्रूचे पॉइंट हळूहळू सैल होतात, गोंदाने बसवलेले कधीकधी फोममध्येच राहतात आणि हातात नुसती दांडी येते. सरावाच्या भात्याला तळ टणक आणि सपाट असावा. टोक त्यावर टेकलं पाहिजे, रुतता कामा नये.

दोन्ही नळ्या शेजारी ठेवून सायकलच्या ट्यूबच्या तीन-तीन सेंमी रुंदीच्या कड्यांनी वर आणि खाली जखडा. ट्यूब ताणून चढवली की नळ्या हलत नाहीत, आणि डेनिमच्या आत त्या सरकतही नाहीत.

मग कापड. जीन्सची मोरी भात्याचं तोंड होणार आहे, कारण तिथे कारखान्याची जाड दुमड आयती मिळते. मोरीपासून वर मोजा: नळीची लांबी ४० सेंमी, तळाच्या कोपऱ्यांसाठी साडेतीन, शिवणीला दीड आणि वर एक सेंमी सवलत. एकूण ४६ सेंमीवर खडूने रेघ मारून कापा. पाय उलटा करा म्हणजे आतली बाजू बाहेर येईल. गुडघ्याकडे पाय रुंद होत जातो. तो जादाचा घेर बाजूच्या शिवणीला समांतर टीप घालून काढून टाका, नाहीतर खाली झोळ पडतो. मग कापलेल्या कडेपासून दीड सेंमी आत तळाची शिवण घाला. हाताने शिवत असाल तर धावदोरा नको, उलटी टीप घाला.

आता तळाला जाडी द्यायची. नुसती सपाट पिशवी राहिली तर नळ्या तिच्यात टेकत नाहीत, कोपऱ्यांत कापड गोळा होतं. तळाचा एक कोपरा चिमटीत धरून असा उघडा की बाजूची शिवण आणि तळाची शिवण एकावर एक येतील आणि कोपऱ्याचा त्रिकोण होईल. त्रिकोणाच्या टोकाकडून मागे सरकत जिथे रुंदी सात सेंमी भरते तिथे आडवी टीप घाला. दुसऱ्या कोपऱ्यालाही तसंच करा. पाय सुलटा केला की खाली सात सेंमी रुंदीचा चौकोनी तळ तयार असतो. तळाला बाहेरून सॅकच्या जाड कापडाचा एक तुकडा शिवला तर भाता जमिनीवर टेकवताना कापड झिजत नाही.

नळ्या अजून आत घालू नका. टांगणीचे टाके आधी घालायचे आहेत, नळ्या बसल्यावर सुईला मागून हात मिळत नाही.

टांगणी: आधी सुतळीने, मग दोऱ्याने

बाण पुढच्या टोकाला जड असतो. पॉइंट १०० ग्रेनचा असेल तर साडेसहा ग्रॅम वजन एकट्या टोकात असतं, आणि अख्खा बाण २५ ग्रॅमच्या आसपास. बारा बाण झाले तर ३०० ग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं तळाकडे. पण बाण मारत गेलो की भाता रिकामा होतो आणि तोल सरकतो. म्हणून तोल दोनदा बघायचा. नळ्या तात्पुरत्या आत सरकवा, सगळे बाण भरा, भाता आडवा करून एका पट्टीवर तोला आणि जिथे तुलतो तिथे खडूची खूण करा. मग बाण काढून रिकाम्याची खूण करा. टांगणीचा मुख्य बिंदू या दोन्ही खुणांच्या वर, तोंडाच्या बाजूला हवा. तो खाली गेला तर भरलेला भाता तोंडाकडे कलंडतो आणि वाकल्यावर सगळे बाण जमिनीवर.

एकाच बिंदूवर टांगलेला भाता गरगर फिरतो. दोन बिंदू घ्या. एक तोंडापासून तीन-चार सेंमी खाली, दुसरा साधारण मध्यावर. दोन्हीकडून एकेक पट्टा कमरेच्या बेल्टला जातो, आणि या दोन पट्ट्यांच्या लांबीतल्या फरकाने भात्याचा तिरपेपणा ठरतो. उभ्यापासून ३० ते ४५ अंश कललेला भाता हाताला सोयीचा पडतो.

कोणत्या दिशेला कलवायचा, यात दोन पंथ आहेत. टार्गेटवाले नॉक पुढे आणि पॉइंट मागे ठेवतात, बाण डोळ्यासमोर असतो आणि निवडून काढता येतो. झाडीतून फिरणारे फील्डवाले नॉक मागे ठेवतात, पिसं शरीराच्या आड राहतात आणि वाटेत कशाला अडकत नाहीत. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा भाता दोन्ही प्रकारांत उजव्या कमरेला. पुढे-मागे कलवायला फक्त पट्ट्यांची अदलाबदल करायची असते, म्हणून बेल्टकडच्या टोकाला डी-रिंग आणि हुक ठेवलात तर एकाच भात्यात दोन्ही सोयी होतात.

हे सगळं आधी सुतळीने बांधून बघा. बेल्टला सुतळी बांधा, भात्यात सगळे बाण भरा आणि घरातल्या घरात चाला, जिना चढा-उतरा, खुर्चीत बसा, जमिनीवरची वस्तू उचला. मग धनुष्य घेऊन पूर्ण ओढा, पण बाण न लावता दोरी सोडू नका, सावकाश परत आणा. ओढताना भात्याचं तोंड किंवा बाहेर आलेले नॉक दोरीच्या वाटेत येत असतील तर पट्टे लांब करून भाता खाली न्या. डोळे समोर ठेवून, न बघता बाण काढा आणि न बघता परत घाला. जिथे हात आपोआप जातो तिथे तोंड आहे का, एवढंच बघायचं. सुतळीची लांबी पसंत पडली की तीच मापं पट्ट्यांना द्या.

पट्टे सॅकचे, सीटबेल्टचे किंवा कमरेच्या जुन्या कातडी बेल्टचे चालतील. डेनिमवर पट्टा थेट शिवला तर धावताना बसणाऱ्या हिसक्यांनी कापड फाटतं, पट्टा शाबूत राहतो. म्हणून आतल्या बाजूने कातड्याचा किंवा जाड कापडाचा ठिगळवजा तुकडा ठेवा. पट्टा, डेनिम आणि तुकडा असे तिन्ही थर एकत्र शिवा: आधी टाक्यांची चौकट, मग तिच्यात फुली. कातडं असेल तर आरीने पाच-पाच मिमीवर भोकं पाडून घ्या आणि एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून समोरासमोरून शिवा. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात, त्यामुळे एखादा टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही. रिबिट ठोकणार असाल तर दोन्ही बाजूंना वॉशर घाला आणि आतल्या डोक्यावर ट्यूबचा तुकडा चिकटवा.

तोंड

टाके झाले की नळ्या आत घाला. त्यांची वरची कड डेनिमच्या कडेशी बरोबर यायला हवी किंवा दोन-तीन मिमी वर. पुठ्ठ्याची उघडी कड लवकर पिंजते, म्हणून प्रत्येक नळीच्या तोंडाला ट्यूबच्या पट्टीचा गोट लावा. दोन सेंमी रुंद पट्टी, अर्धी बाहेर आणि अर्धी आत. दोन्ही बाजूंना गोंद लावून तो हाताला चिकटेनासा झाला की मगच दाबा. आतल्या वळणावर पट्टीला चुण्या पडतात, तिथे कात्रीने बारीक चिरा द्या. कोरड्या झाल्यावर नखाने एकदा सगळीकडून फिरून बघा. नख जिथे अडेल तिथे पॉइंटही अडणार.

दोन नळ्यांच्या मध्ये वरून एक त्रिकोणी फट दिसते. न बघता बाण घालताना तो नेमका त्या फटीत जातो. तिथे फोमचा किंवा चिंधीचा बोळा भरून वरून ट्यूबचा तुकडा चिकटवा.

एका नळीत सहा बाण सहज मावतात, पण चालताना ते एकमेकांवर वाजतात. ‘मेरी रोझ’वरची चकती आठवा. स्लिपरच्या फोमची चकती कापून तिच्यात दांडीपेक्षा थोडी मोठी सहा भोकं पाडली आणि ती तोंडापासून चार बोटं आत बसवली तर काम होतं. मात्र भोकं शोधत बाण घालावा लागतो. स्पर्धेत वेळ बांधलेला असतो, तिथे मी चकती लावणार नाही. शांतपणे सराव करणाऱ्याने जरूर लावावी.

उरलेल्या जीन्सचा मागचा खिसा उसवून भात्याच्या बाहेरच्या अंगावर शिवा. फिंगर टॅब (दोरी ओढताना बोटांना लावायचं कातडं), दोरीचं मेण, ॲलन की आणि पेन्सिल त्यात राहते. हा खिसाही नळ्या घालण्याआधी शिवायचा, हे सांगायला नकोच. खाली एक छोटी लूप ठेवली तर बाण पुसायचं फडकं अडकवता येतं. ओल्या टार्गेटमधून निघालेला बाण तसाच नळीत घातला की तळाच्या गालिच्याचा चिखल होतो.

पाठीवरचा भाता

पाठीवर भाता लावून मागे हात नेऊन बाण काढायचा, हे दिसायला रुबाबदार आहे. सोयीचं मात्र कमी आहे. तरीही ज्यांना लांब दांडीचं पारंपरिक धनुष्य घेऊन झाडीत फिरायचंय त्यांना तो बरा पडतो, कमरेला काही लोंबत नाही.

इथली खोली बाणाने नाही, तुमच्या हाताने ठरते. आरशासमोर उभे राहा, खांद्यामागे हात नेऊन नॉक धरा आणि हात सरळ वर न्या. हात पूर्ण ताणला तरी बाणाचं टोक भात्याच्या बाहेर येत नसेल तर भाता खोल आहे. बहुतेकांना ५५ सेंमीच्या पलीकडे हे जमत नाही. कमी उंचीच्या माणसाला ५० सुद्धा पुष्कळ.

या भात्याला कडक नळी घालू नका. अंग मऊ हवं, कारण मऊ अंग पाठीशी दबतं आणि बाणांना हलकेच धरून ठेवतं. कडक नळीतले बाण तुम्ही खाली वाकलात की डोक्यावरून घरंगळतात. उंच बुटाच्या पोटऱ्यांकडचं कातडं, लेदर जॅकेटची बाही किंवा सॅकचं जाड कापड घ्या. जॅकेटची बाही खांद्याकडे रुंद आणि मनगटाकडे निमुळती असते, म्हणजे भात्याचा आकार आयताच मिळतो. मनगटाकडचं टोक तळ. त्यात आधीसारखीच प्लॅस्टिकची आणि रबराची चकती बसवा, फक्त इथे प्लॅस्टिकची चकती शिवणीने पकडा. चकतीच्या कडेला भोकं पाडून ती बाहीला टाके घालून जोडायची. बाहीचं अस्तर काढून टाका, पॉइंट त्यात गुंततात.

तोंड उघडं राहायला वरच्या दुमडीत एक कडं घाला. प्लॅस्टिकच्या बादलीची तुटलेली कड किंवा जाड केबलचा वेटोळा चालतो. आणि पाठीच्या बाजूने वरपासून खालपर्यंत एक चपटी काठी किंवा जुनी लाकडी पट्टी शिवून टाका. ओत्झीच्या भात्यातली काठी तीच. ती नसेल तर बाण कमी झाले की भाता मध्येच मोडतो.

पट्टा एकच, तिरपा: उजव्या खांद्यावरून डाव्या काखेखाली. वरचं टोक तोंडाच्या अगदी जवळ, खालचं तळापासून चार बोटं वर. पट्ट्याला सॅकची गादी लावली तर खांदा दुखत नाही. भाता बाजूला सरकतो ही यातली कायमची तक्रार. तळाजवळून कमरेच्या बेल्टला एक पातळ पट्टी बांधली की ती मिटते.

जमिनीत रोवायचा भाता

एकाच जागी उभं राहून सराव करणाऱ्याला कमरेला काही लावायची गरजही नाही. मोडक्या कॅमेरा ट्रायपॉडचं डोकं काढा, त्या जागी ७५ मिमीच्या पीव्हीसी पाइपचा ४० सेंमी तुकडा दोन क्लॅम्पांनी बसवा, तळ वर सांगितल्यासारखा करा, झालं. पीव्हीसीची कापलेली कड सँडपेपरने घासून गोल करा. तोंड थोडं पसरट हवं असेल तर कड जवळपास उकळत्या पाण्यात धरा. ८० अंश सेल्सिअसच्या आसपास पीव्हीसी नरम पडतं, मग ते बाटलीच्या खांद्यावर दाबून गार होऊ द्यायचं. हातमोजे घाला. ज्योतीवर मात्र कधीही धरू नका, जळलेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो.

ट्रायपॉड नसेल तर लोखंडी सळई रोवून तिला नळी बांधता येते. सळईचं वरचं टोक उघडं सोडू नका. बाण उचलायला वाकलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ते येतं. त्यावर जुना टेनिस बॉल भोसकून बसवा.

जे घरी करू नये

धनुष्यालाच जोडायचा भाता घरी करायच्या फंदात पडू नका. बाण सुटताना धनुष्याला जो हादरा बसतो तो घरगुती क्लॅम्प फार काळ सोसत नाही, आणि सैल झालेला भाग नेमका चेहऱ्याजवळ असतो. ब्रॉडहेड, म्हणजे धारदार पात्यांचे पॉइंट, वापरत असाल तर या लेखातला एकही भाता त्यांना चालणार नाही. पाती पूर्ण झाकणारं कडक टोपण आणि दांडी वेगळी पकडणारी पकड असलेला तयार भाताच घ्या. उघड्या नळीतली पाती तळ कापतात, शेजारची दांडी कापतात, आणि पडलात तर तुम्हाला कापतात.

कार्बन बाण भात्यात जोरात आपटला असेल किंवा भात्यासकट पडला असेल तर पुढे वापरण्याआधी दोन्ही टोकं धरून शरीरापासून लांब हलकेच वाकवा आणि गोल फिरवत पुन्हा वाकवा. कुरकुर ऐकू आली किंवा बोटाला तंतू टोचला तर तो बाण मोडून टाका, नुसता बाजूला ठेवला तर कुणीतरी उचलून लावतो.

सराव संपला की भाता रिकामा करून उलटा झटका आणि तोंड खाली करून वाऱ्यावर टांगा. डेनिम धुवायचं असेल तर नळ्या काढून धुवा. नळ्या वरून नुसत्या सरकवलेल्या आहेत, म्हणूनच त्या डेनिमला चिकटवायला कुठेही सांगितलं नाही. परत घालताना मात्र ट्यूबच्या कड्या डेनिमला अडतात. त्यांच्यावर थोडी टाल्कम पावडर चोळली की नळ्या सुळकन आत जातात.